पाच नंबरच्या पायाचं इंजिन

बमरोली, सुरत
२० ऑगस्ट २०२५

ती. धुडकूमामांस,
धनश्रीचा नमस्कार. मामीच्याही पाया पडते.

पत्र बघून दचकू नका. कोणी आजारी नाही आणि कोणाचं लग्नही ठरलेलं नाही. फोन करून थकले म्हणून लिहितेय. परवा मी मामीला फोनवर म्हटलं, "मामांना विचार, नव्या गाडीचा क्लच कडक असतो का?" मामीनं तुमच्या कानाशी ओरडून विचारलं, "कळस पडला का?" मग तुम्ही अर्धा तास कुठल्या देवळाचा कळस, कधी पडला, कोणाला लागलं का, याचीच चौकशी करत बसलात. पस्तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात इंजिनांशेजारी काढल्यावर कान राहणार तरी कसे. पण डोळे अजून शाबूत आहेत असं मामी म्हणते. तेव्हा लिहिलेलं बरं.

विषय असा आहे. आम्ही पिकअप घेतोय. छोटी, पुढे दोघांची बसायची जागा, मागे उघडा हौदा. आमचे हे पांडेसऱ्याच्या ज्या मिलमध्ये रंगखात्यात आहेत, त्या मिलच्या शेठनी सांगितलंय की यंदा लाभपाचमेला जो स्वतःची गाडी घेऊन फाटकावर येईल, त्याला माल पोचवायचं काम देऊ. लाभपाचम म्हणजे दिवाळीची सुट्टी संपून इथले धंदे पुन्हा उघडतात तो दिवस. मिलमधून रिंग रोडच्या मार्केटला ताका पोचवायचा. दिवसाला पावणेदोनशे ताका. आधी आठ दिवस बघणार, जमलं तर कायमचं.

मामा, नऊ वर्षं मी घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवतेय. आता सुईत दोरा ओवायलाही शेजारच्या मुलीला हाक मारावी लागते. हे काम मिळालं तर आमच्या घराचं तोंडच वेगळ्या दिशेला होईल. म्हणून गाडी चुकायला नको.

गाडी एकच पसंत केलीय, पण ती दोन इंजिनांत येते. एक डिझेल, दुसरं गॅसचं, म्हणजे सीएनजी. शोरूमवाला म्हणतो गॅस घ्या. शेजारचे राकेशभाऊ स्वतः टेम्पो चालवतात, ते म्हणतात डिझेलला तोड नाही. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "मामा काय म्हणतात ते बघ." म्हणजे सगळे रस्ते फिरून शेवटी अमळनेरलाच येतात.

काय घ्यावं ते कळवा.

आपली,
धनश्री


अमळनेर
२९ ऑगस्ट २०२५

चि. सौ. धनश्रीस आशीर्वाद.

पत्र चष्मा लावून दोनदा वाचलं. आनंद झाला. आपल्या घरात पहिली चारचाकी येतेय आणि तीही कामाची, मिरवायची नाही.

मात्र कापडाच्या मिलमधून रोज पावणेदोनशे ताक मार्केटला जातं हे वाचून मी थक्क झालो. तू लिटर लिहिलं नाहीस की कॅन लिहिलं नाहीस. काना-मात्रा तुझा लहानपणापासूनच कच्चा, 'ताक'चं 'ताका' केलंस ते मी समजून घेतलं. गुजराती माणूस छास पितो हे मला ठाऊक आहे, पण इतकी? तुझी मामी म्हणते कामगारांना उन्हाळी लागत असेल. असो. धंद्याला लाज नाही. आता नीट ऐक. ताक हे हिंदकळणारं ओझं. ब्रेक मारला की कॅन पुढे येतं, गाडी सोडली की मागे जातं. अशा ओझ्याला खालच्या गिअरात सावकाश, दमदार उचलणारं इंजिन पाहिजे. ते डिझेलच. गॅसवर गाडी चालते हे मला मान्य आहे, पण गॅसवर चहासुद्धा चुलीसारखा होत नाही.

तरी घाई करू नकोस. डेपोत मी कधी कोणाला तोंडदेखलं उत्तर दिलं नाही. पुढचं सगळं लिहून पाठव. एका फेऱ्याला वजन किती? जायला-यायला अंतर किती? वाटेत थांबे किती, आणि थांबल्यावर इंजिन बंद करायचं का? पूल, चढाव कुठे आहेत? आणि चालवणाऱ्याची उंची किती, चपलेचा नंबर किती?

हसू नकोस. डेपोत नवा ड्रायव्हर आला की बाकीचे त्याचं लायसन बघायचे, मी पाय बघायचो. टाच जमिनीला टेकून चवडा पेडलवर पोचला पाहिजे. पाय अधांतरी राहिला तर माणूस दुपारपर्यंत थकतो, आणि थकलेला माणूस क्लचवर पाय ठेवूनच गाडी चालवतो. मग क्लच जळतो आणि नाव इंजिनाचं खराब होतं.

तुझा,
धुडकूमामा


बमरोली
५ सप्टेंबर २०२५

ती. मामांस नमस्कार.

तुमचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हे पलंगावर आडवे होऊन हसले. मग उठून म्हणाले, मामांना पटकन लिही, नाहीतर अमळनेरभर होईल की जावई सुरतेला ताक विकतो.

मामा, ताका म्हणजे आपला तागा. कापडाचा. इथे सगळे ताकाच म्हणतात. मला सुरतेत नऊ वर्षं झाली, तोंडात तेच बसलं. काना-मात्रा माझा बरोबर होता, एवढं मान्य करा.

आता तुमच्या प्रश्नांची उत्तरं. एक ताका दहा किलो धरा. एका फेऱ्याला साठ ताके, म्हणजे सहाशे किलो, दिवसाला तीन फेरे. मिल ते मार्केट आठ किलोमीटर, पण उधन्याच्या रस्त्याला गर्दी अशी की पाऊण तास सहज जातो. थांबे मोजायचे नाहीत, गाडी थांबतेच जास्त. मिलच्या फाटकावर इंजिन बंद, मार्केटच्या फाटकावर बंद, माल उतरेपर्यंत बंद. वाटेत एक मोठा पूल आहे. भरल्या गाडीनं चढायचा आणि नेमकं वर गर्दी थांबते.

उंची पाच फूट. चपलेचा नंबर पाच.

गणपती विसर्जनाच्या गडबडीत आहे म्हणून एवढंच. मामीच्या गुडघ्याला कसं आहे?

आपली,
धनश्री


(पोस्टकार्ड)

अमळनेर
१० सप्टेंबर

चि. धनश्री,
तुझ्या लग्नात जावयाचे बूट मी स्वतः घेतले होते. नऊ नंबर.
पाच कोणाचा?
— मामा


बमरोली
१५ सप्टेंबर २०२५

ती. मामांस,

पाच माझा.

तुमचं कार्ड पोस्टमनने दारात वाचलं, मग शेजारच्या शोभाबाईंनी वाचलं, आणि मग माझ्या हातात आलं. गल्लीत आता सगळे विचारतात, "पाच कोणाचा?" आहे तो माझा आहे.

गाडी मी चालवणार आहे. ह्यांना गाडीची भीती वाटते. तुम्हाला हे कधी कळलं नसेल, कारण जावई म्हणून आले की ते तुमच्यासमोर मान हलवत बसतात. लग्नाआधी मोटारसायकलवरून पडले, तेव्हापासून हँडल धरलं की हात कापतात. आम्ही मोपेडवर जातो तेव्हा मी पुढे असते आणि हे मागे डबा धरून बसतात. लोक हसले तर म्हणतात, "माझा ड्रायव्हर आहे, पगार देतो." माणूस सोन्यासारखा आहे मामा. मिलमध्ये त्यांचं काम चांगलं चाललंय, ते सोडायचं नाही.

मागच्या साली राकेशभाऊंचं मनगट मोडलं. प्लॅस्टर निघेपर्यंत दीड महिना त्यांचा टेम्पो मी चालवला, ते शेजारी बसून सांगायचे. लायसन मी त्याआधीच काढलं होतं, कोणाला न सांगता. त्या दीड महिन्यात मिलच्या शेठनी मला बघितलं. काम मला देऊ केलंय, ह्यांना नाही.

तुमच्यापासून लपवलं याचं कारण तुम्हाला माहीत आहे. मी बारा वर्षांची होते. मे महिन्यात तुमच्याकडे आले होते, तुमचा डबा घेऊन डेपोत आले. एक बस उभी होती, दार उघडं. मी वर चढले, स्टिअरिंगमागे बसले आणि चावी फिरवली. बस गिअरमध्ये होती, ढूस करून हातभर पुढे गेली. तुम्ही धावत आलात, मला खाली ओढलंत आणि सगळ्या मेकॅनिकांसमोर कानाखाली वाजवलीत. वर म्हणालात, "पोरीस्नी जातले हाई काम शोभत नही." गाल संध्याकाळपर्यंत बरा झाला. ते वाक्य अजून बरं झालेलं नाही.

नंबर विचारलात तेव्हा मी नऊ लिहू शकले असते. पेन हातात घेऊन बसलेही होते. पण तुम्ही इतक्या आस्थेनं विचारत होतात, वजन किती, पूल कुठे, आणि मी खोटा पाय लिहिला असता तर तुम्ही खोट्या पायासाठी इंजिन निवडलं असतं. ते माझ्यानं झालं नाही.

रागावा, पण उत्तर द्या. दसऱ्याला गाडी बुक केली तरच लाभपाचमेआधी मिळेल.

धनश्री


बमरोली
३ ऑक्टोबर २०२५

ती. मामांस नमस्कार.

अठरा दिवस झाले, तुमचं पत्र नाही. मामीला फोन केला तर ती म्हणाली, "आम्ही धुळ्याला निघालोय," आणि घाईनं फोन ठेवला. पुन्हा केला तर म्हणाली, "माझा पाय शेकतेय." मी समजायचं ते समजले. तुम्हाला माझ्याशी बोलायचं नाही.

काल दसरा होता. वाट बघून दुपारी आम्ही दोघं शोरूममध्ये गेलो आणि गाडी बुक केली. डिझेल.

खरं सांगते, दोन्ही गाड्यांत बसून पाहिलं होतं. डिझेलचा क्लच मला कडक जातो. गॅसचा हलका होता. पण तुम्ही आयुष्यभर डिझेलच चांगलं म्हणत आलात. ड्रायव्हर तुमच्या मनासारखा नाही, निदान इंजिन तरी तुमच्या मनासारखं असावं असं वाटलं. पाय काय, सवयीनं घट्ट होईल. लहान होते तेव्हा विहिरीवरून दोन कळशा आणायचे, तेव्हा मान दुखायची, पुढे दुखायची थांबलीच ना.

हे शोरूममधून निघताना एवढंच म्हणाले, "मामांसाठी घेतेस की मिलसाठी?" मी पावती पिशवीत टाकली आणि मोपेड सुरू केली.

पाडव्याच्या आत गाडी येईल.

धनश्री


अमळनेर
३ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. धनश्रीस,

उशीर झाला. आधी कारण सांगतो, मग बोलणी खातो.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी उत्तर लिहायला बसलो आणि पाच ओळी लिहून फाडल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा फाडल्या. तुझी मामी म्हणाली, "कागद काब्र फाडी राहिनात? लिहानं नसनं ते पोरले भेटी या." मी म्हटलं, भेटून काय सांगू? मला अजून उत्तरच माहीत नाही. मी बुटाच्या नऊ नंबरचं उत्तर काढून बसलो होतो, पाच नंबरचं मला काढायचं होतं.

मग मनात आलं, तुझ्या लग्नात मांडवात तुम्ही दोघी शेजारी उभ्या होतात, तू आणि मामी, तर डोकी एका रेषेत होती. मामीला विचारलं, चपलेचा नंबर किती? म्हणे, "पाच. चव्वेचाळीस वर्षं झाली, आज इचारतस?" दुसऱ्या दिवशी तिला घेऊन एसटीनं धुळ्याला गेलो.

शोरूमच्या पोराला वाटलं मी गाडी घेणार. मी म्हटलं, आधी बाई बसतील. मामी नऊवारीचा काष्टा आवरून डिझेल पिकअपमध्ये चढली. मी बाहेर घड्याळ धरून उभा. म्हटलं, क्लच दाब, सोड, दाब, सोड, शंभर वेळा. तू रोज किती वेळा दाबशील त्याचा हिशेब मी काढला होता, शंभर म्हणजे तुझ्या अर्ध्या फेऱ्याचेही नाहीत. चाळीसला मामी म्हणाली, "हाऊ कडक से." साठला घाम. ऐंशीला तिनं सीटवर हात आपटून शोरूमच्या पोराला सांगितलं, "भाऊ, ह्या बुढ्याले बठाड अठे." तरी शंभर केले. आजूबाजूला दहा माणसं जमली होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी आलो तर गुडघा हा एवढा. आठ दिवस निरगुडीचा पाला बांधला आणि तिचे बोल ऐकले. कान गेल्याचा फायदा असा तेव्हाच कळतो.

बरी झाल्यावर ती स्वतःच म्हणाली, "चला, दुसरं इंजिन राह्यनं ना." पुन्हा धुळे. गॅसच्या गाडीत शंभर केले आणि खाली उतरून मला म्हणते, आणखी पन्नास करू का?

पाय झाला. पण पायावर इंजिन घेत नाहीत, म्हणून आनंदाच्या गॅरेजवर गेलो. आनंदा माझ्या हाताखाली शिकलेला, आता स्वतः चाळिशीचा, नव्या गाड्या त्यालाच कळतात. तुझे आठ किलोमीटर आणि पाऊण तास त्याला सांगितले. तो लगेच म्हणाला, "मामा, डिझेल नको." मी म्हटलं, तोंड सांभाळ. मग त्यानं मला एका गाडीखाली झोपवून दाखवलं. नव्या डिझेलला धूर बाहेर सोडायची परवानगी नाही. काजळी धरायला सायलेन्सरच्या वाटेवर जाळीचा डबा बसवलाय. ती काजळी जळून जायला गाडी लांब आणि सलग पळावी लागते. तुझ्यासारखी दहा पावलं चाल, थांब, बंद कर, अशी गाडी असली की डबा भरत जातो, समोर दिवा लागतो, ओढ कमी होते, आणि गाडी गॅरेजला. आमच्या वेळी इंजिन धूर टाकून मोकळं व्हायचं, आता त्याला तो पोटात ठेवायला लावलंय. मी दहा मिनिटं त्या गाडीखालीच पडून होतो. पस्तीस वर्षं मी जे सांगत आलो ते खरं होतं, पण ते लांबच्या रस्त्याचं खरं होतं.

तेव्हा डिझेल घेऊ नकोस. गॅसचं घे. पुलावर ते थोडं दमेल, त्याला हट्ट करायला लावू नकोस, आधीच खालच्या गिअरला ये. साठच्या जागी पंचावन्न ताके भर, गॅसच्या टाक्यांचंही वजन असतं; उरलेल्या दहासाठी संध्याकाळी एक छोटा फेरा कर. हे लिहिताना माझा हात जड झालाय, पण लिहितोय.

आता डेपोचं. ती बस त्या दिवशी हातभर पुढे गेली, तिच्यासमोर खड्डा होता. दुरुस्तीचा, माणूस उभा मावेल एवढा. तू दोन हात पुढे गेली असतीस तर मी तुझ्या आईला काय सांगितलं असतं? मी घाबरलो होतो. घाबरलेला पुरुष मारतो, हा त्याचा अडाणीपणा. मारल्याचं एक वेळ समजेल, पण जे बोललो ते भीतीनं नव्हतं. ते मी खरंच मानत होतो. तुझा हात त्या चावीवर बघून सगळ्या डेपोनं जे म्हटलं असतं तेच मी आधी म्हणून टाकलं. ते चूक होतं. मला माफ कर पोरी. वीस वर्षं उशिरा लिहितोय.

इंजिन पाचच्या पायासाठी निवडलंय. दुसऱ्या कोणासाठी नाही.

मामा


बमरोली
१२ ऑक्टोबर २०२५

ती. मामांस,

तुमचं पत्र आणि माझं पत्र वाटेत नंदुरबारजवळ कुठेतरी एकमेकांना ओलांडून गेलं असणार. तुम्ही माझ्यासाठी डिझेल सोडलंत आणि आदल्याच दिवशी मी तुमच्यासाठी डिझेल घेतलं होतं! पत्र वाचून आधी रडले. मामीचे शंभर वाचून हसले. मग पुन्हा रडले. हे मिलमधून आले तेव्हा मी अशीच बसले होते, त्यांना वाटलं खरंच कोणी गेलं. त्यांना पत्र दिलं. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "चल, मोपेड काढ."

शोरूमवाल्यानं कपाळाला हात लावला. बुकिंग बदलता येईल म्हणाला, पण गॅसच्या गाडीला देवदिवाळीपर्यंत नंबर नाही. म्हणजे लाभपाचम गेली, काम गेलं. मी तिथेच खुर्चीवर बसून राहिले. हे कधी कोणाशी वर आवाजात बोलत नाहीत, त्या दिवशी बोलले. म्हणाले, "सगळ्या गोदामात बघा. रंग कोणताही चालेल, आमचा धंदाच रंगाचा आहे." तो आत गेला, बऱ्याच वेळानं परत आला. एक गाडी होती. वापीच्या कोणी तरी बुक केलेली, आणि रंग बघून घरच्यांनी नाकारलेली. सगळ्यांना पांढरी पाहिजे, ही दूध जास्त झालेल्या चहासारखी आहे. मी न बघता हो म्हटलं. नंतर बघितली. खरंच चहासारखी आहे. मला आवडली.

धनत्रयोदशीला ताब्यात मिळेल. लाभपाचम २६ तारखेला आहे, रविवार. मांडवात मामा म्हणून तुम्ही माझ्यामागे उभे होतात, आता एकदा शेजारी बसा. भुसावळकडून येणारी गाडी सकाळी उधन्याला थांबते, हे तुम्हा दोघांना घ्यायला येतील. मोपेडवर नाही, काळजी नको.

मला माफ कर असं पुन्हा लिहू नका. एकदा वाचलं, पुरलं.

तुमची,
धनश्री


अमळनेर
३० ऑक्टोबर २०२५

चि. सौ. धनश्रीस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. जावईबापूंनी गाडीत बसवताना दिलेली घारीची मिठाई मामीनं दोंडाईच्यापर्यंत संपवली आणि आता पित्त झालं म्हणते. तिच्या माहेरच्या सगळ्या बायकांना दोन दिवसांत समजलंय की सुरतेच्या गाडीचं इंजिन तिनं निवडलं. माझं नाव कुठेही नाही. मी तक्रार करत नाही.

तिथे गडबडीत तुझ्याशी नीट बोलणं झालं नाही. तू मला विचारलंस, "मामा, कसं वाटलं?" आणि मी नुसतं "बरं" म्हणालो. तू थोडी हिरमुसलीस ते मी पाहिलं. मला तोंडानं बोलायची सवय नाही, ऐकू येत नसलं की माणूस बोलणंही कमी करतो. म्हणून लिहितो.

त्या दिवशी मी गाडीत बसलो तो मेकॅनिक म्हणून बसलो. खिशात छोटी वही होती. सुरू होताना किती वेळ घेते, थरथर कुठे जाणवते, तिसऱ्यात ओढ कशी, हे सगळं तळहातानं समजून टिपायचं ठरवलं होतं. कान नसले तरी डॅशबोर्डावर हात ठेवला की इंजिन मला अजून कळतं. फाटकावर शेठ उभे होते, त्यांचे मुनीम होते, बघायला जमलेले कामगार होते. जावईबापू स्वतः ताके खांद्यावरून आणून रचत होते, पंचावन्न मोजून. छप्पन्नावा कोणी तरी टाकायला आला तर त्यांनी तो परत पाठवला. तू साडीचा पदर कमरेला खोचलास, आरशात बघितलंस, आणि निघालीस.

पूल आला. तू दुसऱ्या गिअरवर आलीस, चांगलं केलंस. आणि अगदी माथ्याच्या खाली, जिथे चढ सगळ्यात जास्त, तिथे पुढचा ट्रक थांबला. तुला थांबावं लागलं. मागे बस, तिचं नाक आपल्या हौद्याला टेकलेलं. साडेपाचशे किलो मागे ओढतंय. माझा पाय आपोआप खाली दाबला गेला, माझ्या बाजूला ब्रेक नाही हे मला तेव्हा कळलं. डेपोत मी शेकडो ड्रायव्हर बघितले, चांगले चांगले अशा जागी घाबरतात. गाडी मागे सरकते, मग घाईत क्लच सोडतात, इंजिन बंद पडतं, आणि मागचा हॉर्न वाजवत सुटतो. मी तुझ्याकडे वळून बघितलं.

तू घाबरलेली नव्हतीस. हँडब्रेक ओढलास. टाच खाली टेकलेली, चवडा पेडलवर, पाय अधांतरी नाही. तू क्लच केसाएवढा सोडलास आणि थांबलीस, गाडीला ओझं आलेलं तुला पायात कळलं, आणि मग हँडब्रेक सोडलास. गाडी बोटभरही मागे गेली नाही. वर चढली. माथ्यावर आल्यावर तू माझ्याकडे बघितलंस, मी खिडकीबाहेर बघत होतो. डोळे पुसत होतो, खोटं कशाला सांगू.

मार्केटला मुनिमांनी ताके मोजून घेतले आणि तुला म्हणाले, "बेन, कालथी रोज आवजो." उद्यापासून रोज या, हे मला ओठांवरून कळलं. आठ दिवस बघणार होते, पहिल्याच फेऱ्याला पाहिलं. मामीला घेऊन मागून रिक्षानं आलेले जावईबापू हे ऐकून माझ्याकडे बघून जे हसले, तसा माणूस मी फक्त मुलगा पास झाल्यावर हसताना पाहिलाय.

काल आनंदाच्या गॅरेजवर गेलो. दुकानातले सगळे भोवती जमले. आनंदानं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून विचारलं, "मामा, गॅसचं इंजिन कसं वाटलं? पुलावर ओढ कशी होती?" मी खिशातली वही काढली. पहिल्या पानावर तारीख लिहिलेली, खाली सगळं कोरं. पस्तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी त्याला सांगितलं, "मला माहीत नाही रे. मी इंजिनाकडे बघितलंच नाही. मी माझ्या भाचीकडे बघत होतो."

तुझा,
धुडकूमामा